मुंगी वाचवायची आणि बोंडअळी मारायची?

प्रश्न : आमच्या शेजारच्या जैन काकू पीठ चाळताना निघालेली अळीसुद्धा हलक्या हाताने उचलून बाहेर नेऊन ठेवतात. मी कपाशी पिकवतो आणि बोंडअळीवर फवारणी करतो. ‘हिंसा करू नका’ ही आज्ञा शब्दशः पाळायची, तर शेतकऱ्याने करायचं काय?
— एक वाचक, शिंदखेडा (जि. धुळे)

उत्तर : काकू करतात ते खरोखर शब्दशःच आहे, आणि मला त्याचा आदर वाटतो. पण ही आज्ञा सगळ्यांना एकाच मापाने लागू नाही. साधू-साध्वींसाठी ती महाव्रत आहे, म्हणजे पूर्ण व्रत; संसारी माणसासाठी अणुव्रत, म्हणजे मर्यादित व्रत.

चातुर्मासात जळगावच्या किंवा धुळ्याच्या जैन स्थानकात मुक्कामाला असलेल्या साध्वीजी पाहा. बसण्याआधी लोकरीच्या रजोहरणाने जागा हलकेच झाडून घेतात. तोंडाला मुहपत्ती असते, सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही घेत नाहीत. पावसाळ्यात वाटेवर किडेमुंग्या आणि कोंब असतात, म्हणून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत विहार, म्हणजे पायी प्रवास, बंद. चूल पेटवली तरी जीव मरतात, म्हणून त्या स्वयंपाक करत नाहीत, गोचरीवर, म्हणजे घरोघरी मागून आणलेल्या अन्नावर, राहतात. म्हणजे कुणीतरी संसारी माणसाने पिकवलेलं, रांधलेलं अन्न हवंच. गृहस्थही आपल्या परीने पाळतो. आसोद्याच्या वांग्यांचं भरीत हा सगळ्या खानदेशाचा जीव की प्राण, पण कडक नेमाच्या घरात बहुबीज म्हणून वांगं येतच नाही.

गृहस्थासाठी हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत. मारण्याच्या इराद्यानेच मारणं ती संकल्पी. घरकामात होते ती आरंभी, शेती-धंद्यात होते ती उद्योगी, बचाव करताना होते ती विरोधी. पहिली सोडायचीच, बाकीच्या जमतील तेवढ्या कमी करायच्या. ‘उपासकदशांग’ या आगमात महावीरांकडून व्रत घेणारा आनंद श्रावक पाचशे नांगरांची जमीन राखून ठेवतो. त्याच ग्रंथात श्रावकाला वर्ज्य असलेले पंधरा व्यवसायही येतात, आणि त्यांत विषाचा व्यापार आहे. शेतीचं म्हणाल, तर सांगली-कोल्हापूरकडे जैन कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या शेती करत आली आहेत.

मग तुमची फवारणी कशात बसते? माझं मत विचाराल तर ते पंप कधी उचलता यावर आहे. शेजाऱ्याने मारलं म्हणून किंवा दुकानदाराने सांगितलं म्हणून शेत न बघताच औषध मारणं मला संकल्पीच्या फार जवळचं वाटतं. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावा. एका सापळ्यात रोज आठ पतंग, असे सलग तीन दिवस सापडले, किंवा दहा टक्के फुलं-बोंडं किडकी दिसली, तरच औषधाचा विचार करा. सापळ्यातही पतंग मरतात, हे खरंच. पण सगळ्यात जास्त जीव वाचतात ते फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक ठेवून घेतलेलं उत्पन्न, न घेतल्याने. डिसेंबरअखेर कपाशी संपवून पऱ्हाट्या काढल्या की अळीला पुढची पिढी वाढवायला अन्नच उरत नाही.

आता ज्याकडे सहसा कुणी बघत नाही ते सांगतो. अहिंसा-अणुव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, वाचून पाहा : बांधून ठेवणं, मारहाण करणं, अवयव छाटणं, झेपेल त्याहून जास्त भार लादणं आणि अन्नपाणी तोडणं. मुंगीचा इथे उल्लेखही नाही. हे आपल्या दावणीच्या बैलाबद्दल आणि आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल आहे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कपाशीतल्या हिंसेचा हिशेब मांडायचा, तर मी तो इथून सुरू करीन.

म्हणून औषध मारावंच लागलं, तर पंपवाल्या मजुराला उपाशीपोटी शेतात पाठवू नका. हातमोजे, मास्क, अंगभर कपडे तुमच्या खर्चाने द्या. दोन-तीन औषधं एकत्र कालवू नका, वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू देऊ नका, दुपारच्या उन्हात काम थांबवा. काम झाल्यावर त्याला साबण-पाणी द्या, आणि डोकं गरगरलं, मळमळलं तर औषधाची बाटली सोबत घेऊन त्याला ताबडतोब दवाखान्यात न्या.