तंबोऱ्यामागची जागा

सांगली
श्रावण शुद्ध पंचमी

चि. सोनू,


तुझा परवाचा मेसेज तीनदा वाचला. ‘आत्या, संगीत-नाट्य विभागात येऊन वर्ष झालं, अजून एकदाही धड गायला मिळालं नाही. पाहुणे आले की मागं तंबोरा धरून बसायचं, एवढंच.’ फोनवर बोलले असते तर तू ‘हो गं, हो गं’ करत ऐकलं असतंस आणि विषय तिथंच मिटला असता. म्हणून लिहायला बसले.

ती जागा सोडू नकोस. दुसऱ्या कुणाला मिळत असेल तर मागून घे.

समोर बसलेल्याला गाणं ऐकू येतं. मागं बसलेल्याला गाणाऱ्याचा श्वास ऐकू येतो. तानेआधी पाठ कशी भरते, समेच्या दोन मात्रा आधी खांदा कसा सैल पडतो, एखादी जागा मनासारखी आली नाही की मान किती बारीक हलते, हे सगळं तिथून दिसतं. माईकमधून येणाऱ्या आवाजाखाली एक खरा, न वाढवलेला आवाज असतो. तो फक्त तुला आणि तबलजींना ऐकू येतो. हे कुठल्याही सत्राच्या अभ्यासक्रमात लिहून देता येत नाही.

माझी एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. आता सांगते. विद्यार्थी असताना एका मोठ्या बुवांच्या मागं मी बसले होते. दिवस असेच श्रावणाचे. हवा इतकी ओली की सतरंजीसुद्धा दमट लागत होती. संध्याकाळी तंबोरा सुरेख लागला होता, जवारी मोकळी होती. बुवांनी पूरिया कल्याण धरला. विलंबिताच्या तिसऱ्या-चौथ्या आवर्तनाला माझी पंचमाची तार उतरली. केसभरच. मला ते लगेच कळलं. पण समोर शंभर माणसं, बुवा रंगात आलेले. मी हात लावला आणि आणखी बिघडलं तर? म्हणून मी तशीच छेडत राहिले. आणि मग माझ्या लक्षात आलं, बुवा पंचमावर थांबेनासे झालेत. पंचमाजवळ यायचे आणि वळसा घालून पुढं जायचे. जवळजवळ दहा मिनिटं. ख्याल संपल्यावर त्यांनी मागं वळून तंबोरा आपल्याकडं ओढला, मणी जरासा सरकवला, तार एकदा छेडली आणि परत दिला. लोकांच्या ध्यानातही आलं नाही. कार्यक्रम संपल्यावर मी पाया पडायला गेले तेव्हा एवढंच म्हणाले, ‘ऐकू आलं होतं ना? मग गप्प का बसलीस?’

तार उतरणं हा माझा दोष नव्हता, पावसाचा होता. ऐकू येऊन गप्प बसणं माझं होतं. पुढं इतकी वर्षं शिकवलं, परीक्षा घेतल्या, पण पंचम लावताना ते वाक्य अजून कानाशी येतं.

म्हणून सांगते, तंबोरा ‘धरून’ बसू नकोस. त्याची जबाबदारी घे. कार्यक्रमाच्या तासभर आधी जा. सतरंज्या पसरायला, गाद्या-लोड लावायला हात लाव. पाहुण्यांची पट्टी आधी विचारून ठेव. राग पंचमाचा आहे, मध्यमाचा आहे की निषाद लावायचा, हे आपणहून विचारलंस की तेही तुला नुसती पोरगी समजणार नाहीत. मालकंस गाणार असतील आणि तू पंचम लावून बसलीस तर वाद्य नि गळा दोघांचंही भांडण. जोडी मिळाली की खर्ज लाव, आणि मग घाई न करता जवारीचा दोरा घोडीवर केसाकेसानं सरकवत जा. एका जागी तार एकदम बोलू लागते, आत कुणीतरी दिवा लावल्यासारखी. ती जागा हाताला सापडायला मला दोन पावसाळे लागले. आणि द्रुत सुरू झालं की बोटं तबल्याच्या मागं धावू देऊ नकोस. ठेका कितीही पळो, तुझी चाल तीच.

मिरजेला एकदा जाऊन ये. कोल्हापूरहून पन्नासएक किलोमीटर तर आहे. तिथल्या वाद्यकारागिरांच्या गल्लीत पंढरपूरकडचे भोपळे टांगलेले असतात. कारागीर घोडी घासतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा घासतो. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, याचा मला फार आनंद झाला. वाद्य घडवणाऱ्याचा कान गाणाऱ्याइतकाच तयार असतो, ते तिथं उभं राहून बघ. आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीमखाँसाहेबांच्या कबरीपाशी दोन मिनिटं बस.

तुझी दुसरी तक्रार, ‘पाहुणे व्याख्यानाला येतात नि त्याच त्याच गोष्टी सांगतात.’ येत असतील. पण तू तयारी करून जातेस का? गोविंदराव टेंबे तुझ्या कोल्हापूरचेच. त्यांनी अल्लादियाखाँसाहेबांचं चरित्र लिहिलंय, ग्रंथालयात असेल. ते वाचून गेलीस तर तोच पाहुणा तुला दुसरंच काही सांगेल, कारण प्रश्न तुझा असेल. आणि फोनवर रेकॉर्ड करू नकोस, कळकळीनं सांगते. फोनमध्ये आहे म्हटलं की कान सुट्टीवर जातो. रात्री वसतिगृहावर आलीस की वहीत लिही: कुठला राग, कुठला ताल, आलाप कुठल्या स्वरावरून वर चढला, अंतरा किती उशिरा घेतला. जे आठवणार नाही, ते ऐकलंच नव्हतंस असं समज.

तू कुठल्या गावात शिकतेस ते विसरू नकोस. १८९५ साली शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना कोल्हापूर दरबारी आणलं. त्याच्याही आधी, १८८३ मध्ये, गायन समाज देवल क्लब सुरू झाला होता. खाँसाहेबांचा आवाज तरुणपणी अतिगाण्यानं बसला होता. पूर्वीचा गोडवा परत येईना, तेव्हा जो आवाज उरला त्याला पेलेल अशी वक्र, पेचदार, श्वासाला श्वास जोडणारी गायकी त्यांनी नव्यानं बांधली. तीच आज आपण जयपूर-अत्रौली म्हणून गातो. तुझा आवाज जाड आहे म्हणून तू रडत होतीस ना दिवाळीत? हे वाचून मग रड. खाँसाहेबांचे चिरंजीव मंजीखाँ १९३७ मध्ये गेल्यावर मल्लिकार्जुन मन्सूर शिकायला आले ते धाकट्या भूर्जीखाँकडं. मन्सूर तोवर नाव झालेले गवई होते. तरी पुन्हा शिष्य होऊन बसले. खाँसाहेबांची तालीम निवृत्तीबुवा सरनाईकांना मिळाली, निवृत्तीबुवांची भारतीताई वैशंपायनांना, आणि भारतीताई तुझ्याच विभागाच्या प्रमुख होत्या. तू ज्या खोल्यांत बसतेस तिथं हा धागा असा येऊन पोचलाय.

आणि कोल्हापुरात ‘तालीम’ म्हटलं की आधी कुस्तीची लाल माती आठवते. पेठेतला वस्ताद आणि गाण्यातला उस्ताद, शब्द एकच. पहिल्या वर्षी पोराला कुणी मैदानात उतरवत नाही; तो माती खणतो, तेल घालतो, थोरल्यांना अंग देतो. त्याला त्यात कमीपणा वाटत नाही.

नाट्यशास्त्राच्या मुलांच्या तालमींनाही जाऊन बसत जा. एकाच विभागात आहात आणि एकमेकांची तोंडं बघत नाही, हे मला पटत नाही. केशवराव भोसलेही कोल्हापूरचेच, गाण्याचा आणि नाटकाचा संसार एकाच गळ्यात सांभाळणारे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्यांच्या नावाचं नाट्यगृह जळालं, दुसऱ्या दिवशी त्यांची जयंती होती. शाहू महाराजांनी बांधलेलं ते पॅलेस थिएटर. खासबागेशेजारून मी कितीदा गेले असेन. त्या रात्री बातम्यांत ज्वाळा बघताना माझ्यानं घास गिळवला नाही. पहिल्यांदा रंगमंचावर तंबोरा घेऊन बसले होते ती जागा तीच.

खाण्याची आबाळ करू नकोस. मेसचं पटत नसेल तर सांग, भाकरीचं पीठ पाठवते. पहाटेचा खर्ज सोडू नकोस. विद्यापीठाच्या आवारात त्या वेळी मोर ओरडतात, त्यांच्या आधी उठ.

तुझ्या तंबोऱ्याला नवी गवसणी शिवलीय, आजीच्या जुन्या इरकलीची, आतून अस्तर घालून. गणपतीला येशील तेव्हा ने. आणि येताना तंबोरा घेऊनच ये, जवारी कशी लागते ते मला बघायचंय.

तुझी,
आत्या