रूळ एक, गाड्या अनेक

पातळी ४, पाठ १२ : वाचन आणि चर्चा

सुट्टीत भारतात गेलात आणि मुंबईहून रत्नागिरीला किंवा मडगावला रेल्वेने निघालात, तर एक गोष्ट हमखास अनुभवाला येईल. गाडी छान पळत असते आणि मध्येच एखाद्या छोट्याशा स्टेशनवर थांबते. कोणी चढत नाही, कोणी उतरत नाही. दहा मिनिटं होतात, वीस होतात. तुम्ही विचारता, "काय झालं?" शेजारचे काका पेपरातून डोकं वर न काढता सांगतात, "काही नाही, क्रॉसिंग आहे." मग समोरून एक गाडी धडधडत निघून जाते आणि तुमची गाडी हलते.

हे क्रॉसिंग नीट समजून घेतलं, तर एका देशाची रेल्वे वाढवणं इतकं अवघड का असतं, ते कळेल.

कोकण रेल्वेचा बराचसा मार्ग अजून एकेरी आहे. म्हणजे जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाड्यांना मिळून एकच लाइन. दोन गाड्या समोरासमोर येणार असतील, तर एकीला स्टेशनात बाजूच्या लूप लाइनवर थांबावं लागतं. जरा गणित करूया. समजा, दोन स्टेशनांमध्ये १२ किलोमीटर अंतर आहे आणि गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जाते. तिला १२ मिनिटं लागतील. तेवढा वेळ त्या तुकड्यात दुसरी गाडी सोडता येत नाही. म्हणजे तासाला जास्तीत जास्त ५ गाड्या, त्याही दोन्ही दिशांच्या मिळून! सिग्नल द्यायला, सांधे बदलायला, रुळांची देखभाल करायला वेळ जातो तो वेगळाच.

आता यात पावसाळा आणा. दरडी कोसळण्याची भीती असते, म्हणून कोकणात पावसाळ्यात गाड्या हळू चालवतात. त्यासाठी वेगळं वेळापत्रकच असतं. वेग कमी झाला की तोच तुकडा पार करायला जास्त वेळ लागतो, म्हणजे गाड्या कमी. आणि गणपती येतात कधी? नेमके याच दिवसांत. मुंबईचे चाकरमानी गावाला निघतात, रेल्वे जादा गाड्या सोडते. पण जादा लाइन कुठून आणणार? मग सगळ्यांच गाड्यांना उशीर होतो आणि लोक रेल्वेला बोल लावतात. त्यांचं तरी काय चुकलं? रात्रभर दारात उभं राहून आलेल्या माणसाला आपलं हे गणित सांगून काय उपयोग!

मग सुरुवातीलाच दुहेरी मार्ग का नाही बांधला?

त्यासाठी थोडं मागे जाऊया. कोकणात रेल्वे हवी ही मागणी फार जुनी, पण डोंगर, खाड्या आणि नद्यांमुळे खर्चाचा आकडा ऐकूनच सगळे गप्प बसत. अखेर १९९० मध्ये त्यासाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन झालं. तेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते आणि कोकणातूनच निवडून आलेले मधू दंडवते अर्थमंत्री. काम सोपवलं ई. श्रीधरन या अभियंत्याकडे. सरकारी पैसा पुरेसा नव्हता, म्हणून कर्जरोखे काढून लोकांकडून पैसा उभा केला. सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग, नव्वदहून जास्त बोगदे, त्यातला रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा तर साडेसहा किलोमीटर लांब. जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर गाड्या सुरू झाल्या. दुहेरी मार्गाचाच हट्ट धरला असता, तर माझ्या मते ही रेल्वे आणखी वीस वर्षं कागदावरच राहिली असती. पण त्या निर्णयाची किंमत आज मोजावी लागते. रोहा ते वीर हा भाग दुहेरी झाला, काही ठिकाणी नवी क्रॉसिंग स्टेशनं बांधली, २०२२ मध्ये पूर्ण मार्गावर वीज आली. पुढचं दुहेरीकरण मात्र सोपं नाही, कारण दुसऱ्या लाइनसाठी डोंगर पुन्हा पोखरावे लागतील.

कोकणातून आता देशाच्या नकाशाकडे वळू. दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता यांना जोडणारे मार्ग दुहेरी आहेत. तिथे समोरून गाडी येण्याची अडचण नाही, पण एक वेगळीच अडचण आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाच्या मालगाडीला १०० किलोमीटर जायला दोन तास लागतात. ताशी १२० किलोमीटर वेगाची एक्स्प्रेस तेच अंतर ५० मिनिटांत कापते. एक्स्प्रेस मालगाडीच्या मागे सोडायची असेल, तर ७० मिनिटं थांबून सोडा, नाहीतर मालगाडीला वाटेत बाजूला उभी करा. बहुतेक वेळा मालगाडीच बाजूला होते. २०१९ मध्ये सुरू झालेली वंदे भारत ताशी १६० किलोमीटर वेगाने धावू शकते, पण पुढची लाइन मोकळी नसेल तर तो वेग काय कामाचा? गणपतीच्या गर्दीत लक्ष्मी रोडवर स्पोर्ट्स कार नेण्यासारखंच ते.

"मालगाडी थांबली तर थांबू दे की!" असं तुम्हाला वाटेल. पण कोळसा, सिमेंट, धान्य वाहून रेल्वे जे कमावते, त्यातूनच प्रवाशांच्या स्वस्त तिकिटांचा तोटा भरून निघतो. माल वेळेवर पोचला नाही की व्यापारी ट्रककडे वळतो. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत देशातला पाचपैकी चार हिस्स्यांहून जास्त माल रेल्वेने जायचा. पुढे हा वाटा एक तृतीयांशाच्याही खाली आला. २०२०च्या राष्ट्रीय रेल्वे योजनेत तो २०३० पर्यंत ४५ टक्क्यांवर नेण्याचं उद्दिष्ट ठेवलं आहे. (अमेरिकेत राहणाऱ्यांनो, तुमच्याकडे उलटी तऱ्हा आहे. तिथले बहुतेक रूळ मालवाहतूक कंपन्यांच्या मालकीचे आहेत आणि प्रवासी गाडी ताटकळते.)

यावरचा एक उपाय म्हणजे मालगाड्यांना स्वतःचा मार्ग देणं. पंजाबात लुधियानापासून बिहारमधल्या सोननगरपर्यंत एक आणि दिल्लीजवळच्या दादरीपासून नवी मुंबईच्या जेएनपीटी बंदरापर्यंत दुसरा, असे दोन मार्ग ठरले. दुसऱ्या मार्गावर तर विजेच्या तारा मुद्दाम इतक्या उंच बांधल्या आहेत की कंटेनरवर कंटेनर ठेवून नेता येतो. यासाठी महामंडळ स्थापन झालं २००६ मध्ये आणि पूर्वेकडचा मार्ग पूर्ण झाला २०२३ मध्ये. सतरा वर्षं! गाडीचे डबे काही महिन्यांत तयार होतात. जमीन मिळवून लाइन टाकायला मात्र एक पिढी मोठी होते. म्हणून नियोजन करणाऱ्यांना आजच्या गर्दीचा नाही, तर वीस-तीस वर्षांनंतरच्या गर्दीचा अंदाज बांधावा लागतो.

आणि पैसा एकच असतो. तो गर्दीच्या मार्गावर तिसरी-चौथी लाइन टाकायला वापरायचा, की जिथे रेल्वेच नाही तिथे न्यायची? नुसता हिशेब केला तर पहिलं उत्तर बरोबर. पण बीडच्या लोकांनी रेल्वेसाठी कित्येक दशकं वाट पाहिली, त्यांना हा हिशेब कसा पटावा? आणि नुसत्या हिशेबाने चाललं असतं, तर कोकण रेल्वेही झाली नसती.

शब्दार्थ

एकेरी मार्ग – येण्या-जाण्यासाठी मिळून एकच लाइन असलेला रेल्वेमार्ग
सांधे – गाडीला एका लाइनवरून दुसरीवर नेणारे रुळांचे हलणारे भाग
चाकरमानी – नोकरीसाठी गाव सोडून मुंबईत राहणारा कोकणी माणूस
बोल लावणे – दोष देणे
कर्जरोखे – लोकांकडून कर्ज घेताना दिलेली, व्याज देणारी कागदपत्रं
ताटकळणे – कंटाळा येईपर्यंत वाट पाहणे

करून बघा

१. पावसाळ्यात गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटर झाला, तर १२ किलोमीटरच्या त्याच तुकड्यातून तासाला जास्तीत जास्त किती गाड्या पूर्ण जातील?

२. आजी-आजोबांना किंवा भारतातल्या कोणा नातेवाइकांना फोन करा. "तुमच्या लहानपणी गावाला कसे जायचात? किती वेळ लागायचा?" हे विचारा आणि त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत पाच-सहा ओळींत लिहा.

३. वर्गात दोन गट करा. एक गट मुंबईच्या प्रवाशांचा, दुसरा रेल्वे नसलेल्या गावकऱ्यांचा. पैसे एकाच कामाला पुरतील एवढे आहेत. रेल्वेमंत्र्यांना पटवून द्या!