नजर वहीवर, बोटं पट्ट्यांवर

प्रश्न : की-बोर्डवर भातखंडे स्वरलिपी वाचून वाजवते, पण नजर पट्ट्यांकडे जाते आणि ओळ हरवते. शिकायला शिरूरहून दौंडला जाते. काय करू?
– एक वाचक, शिरूर

उत्तर : काळ्या पट्ट्या दोन-तीनच्या गटांत असतात, त्या चाचपून ओळखा. दोनच्या गटाला डावीकडून चिकटलेली पांढरी पट्टी म्हणजे पांढरी एक. तिथं सा धरला, तर तीनच्या गटाच्या डावीकडे शुद्ध म. आठवडाभर हातांवर टॉवेल टाकून फक्त एवढंच शोधा. मग एकेक ओळ विलंबित लयीत. चुकलं तरी थांबू नका, नजर एक मात्रा पुढं ठेवा. एसटीत वही उघडून स्वर गुणगुणा : खाली आडवी रेघ म्हणजे कोमल, खाली टिंब म्हणजे मंद्र. डोळे सरावले की बोटं मागोमाग येतात.