वजाबाकीआधी रकाना बघ

पोरी, उद्यापासून मीटर-रीडिंगची फाइल तुझ्या हाती येणार. चार रकाने आहेत: ग्राहक क्रमांक, नाव, मागील रीडिंग, चालू रीडिंग. चालूतून मागील वजा केलं की युनिट निघाले. ऑकमध्ये हे एका ओळीत होतं, डॉलर चार वजा डॉलर तीन. आहो, वाइनबर्गर आणि कर्निहॅन यांनी १९७७च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये ही भाषा अशाच मजकुरासाठी घडवली, आणि माझं तिच्यावाचून कधी पान हललं नाही. पण ती तक्रार करत नाही. रकान्यात 'बंद' लिहिलेलं असलं तरी त्याचं शून्य धरते आणि उत्तर देते. कुणी मराठी आकड्यांत रीडिंग भरलं असेल, तर तेही तिच्या लेखी शून्यच.

म्हणून आधी फाइलच्या पाच-दहा ओळी डोळ्यांनी वाच. रकाने कशाने तोडलेत, स्वल्पविरामाने, टॅबने की उभ्या रेघेने? स्वल्पविराम असेल तर जास्त सावध राहा. नावाच्या रकान्यात 'पाटील, स. रा.' आलं की एक रकाना वाढतो. तिसऱ्यात 'स. रा.' जातं, चौथ्यात मागील रीडिंग. मागील ४३१२ आणि चालू ४४०९ असेल, तर ९७ युनिटांऐवजी ४३१२ युनिट निघतात. असं एक बिल माझ्या हातून गेलं होतं. ते घेऊन एक आजी भर उन्हात दोनदा ऑफिसात आल्या. त्यांचा चेहरा मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून पहिली अट एनएफची, म्हणजे ओळीतल्या रकान्यांच्या संख्येची, लावतो: चार रकाने नसतील ती ओळ वेगळ्या फाइलीत टाकायची, तिचं बिल काढायचं नाही. नावं अवतरणचिन्हांत असतील तर गॉक या ऑकच्या आवृत्तीत ५.३पासून सीएसव्हीचा पर्याय आहे, तो वापर. त्यानंतर दोन्ही रीडिंग रिकामी नाहीत आणि त्यांत निव्वळ इंग्रजी अंकच आहेत, हे तपास.

ही वजाबाकी शेलच्या दुहेरी कंसात करू नकोस. मीटरवरचं ००१२० तिथे अष्टमान धरलं जातं आणि १२०चे ८० होतात, तेही मुकाट्याने. ०००८९ आलं तर शेल निदान चूक तरी दाखवतो. ऑक फाइलीतले पुढचे शून्य सोडून नीट वाचते.

उणे उत्तर आलं तर ते झटकून टाकू नकोस. जुनं पाच आकडी मीटर ९९९९९नंतर पुन्हा शून्यापासून फिरतं. मागील ९९९८०, चालू ०००३५ असेल तर उणे ९९९४५ येतं. त्यात एक लाख मिळव, ५५ युनिट. पण मागील रीडिंग शेवटाजवळ असेल तरच असं कर. ५२००नंतर ५१४० आलं असेल, तर वाचणाऱ्याची चूक असेल नाहीतर मीटर बदललेलं असेल. तिथे लाख मिळवलास तर एका घरावर ९९९४० युनिट चढतील. अशी ओळ रीडरकडे परत पाठव.

शेवटी ताळा घे. चालूच्या बेरजेतून मागीलची बेरीज वजा कर; लाख मिळवलेल्या ओळी सोडल्या तर ती युनिटांच्या बेरजेशी जुळली पाहिजे. मात्र रकाने चुकीचे तुटले असतील तरीही हा ताळा जुळतो, कारण सगळ्या बेरजा त्याच तुटलेल्या रकान्यांवर होतात. म्हणून फाइल पाठवणाऱ्याकडून ओळींची संख्या आणि दोन्ही रीडिंगच्या बेरजा आधीच वेगळ्या मागवून घे. द्यायला ते कंटाळतील, पण त्या आल्याशिवाय बिलं छापायला सोडू नकोस.