शाळेच्या रंगभूमीवर 'संगीत शारदा'

यंदाच्या स्नेहसंमेलनासाठीं आम्हीं गोविंद बल्लाळ देवल यांचें 'संगीत शारदा' हें नाटक निवडलें, तेव्हां कांहीं पालकांनीं विचारलें कीं, आजच्या मुलांना हें जुनें नाटक कशाला? प्रश्न रास्त होता. त्याचें उत्तर आम्हांस तालमी चालू असतां सांपडलें, आणि तेंही आमच्या हुशारीनें नव्हे.

देवल हे सांगलीजवळच्या हरिपूरचे, अण्णासाहेब किर्लोस्करांचे शिष्य. किर्लोस्करांनीं १८८० सालीं 'शाकुंतल' रंगभूमीवर आणून पात्रांच्या तोंडीं त्यांचीं स्वतःचीं पदें घातलीं. त्यापूर्वीं गाण्याचा बहुतेक भार सूत्रधारच वाहत असे. परंतु हीं पात्रें पुराणांतलीं. १८९९ सालीं रंगभूमीवर आलेल्या 'शारदे'त देवलांनीं तोच गाण्याचा अधिकार शेजारच्या घरांत शोभेल अशा एका साध्या मुलीस दिला. द्रव्यलोभी कांचनभट आपली मुलगी भुजंगनाथ नांवाच्या धनाढ्य म्हाताऱ्यास देऊं पाहतो. भद्रेश्वर दीक्षित सौदा जुळवितो. कोदंड हा तरुण तो मोडावयास झटतो. वधूवर सगोत्र असल्याचें उघडकीस येऊन लग्न मोडतें खरें, परंतु मुलीची दशा पालटत नाहीं. ती जीव द्यावयास निघते आणि कोदंड तिला वाचवितो.

येथें एक गैरसमज दूर करणें बरें. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यास 'शारदा कायदा' म्हणत, तें या नाटकावरून नव्हे. हरबिलास सारडा यांच्या नांवावरून. त्या कायद्यानें मुलीच्या विवाहाचें किमान वय १४ ठरविलें. आज तें १८ आहे. नाटक आलें तेव्हां असा कायदाच नव्हता. म्हणून म्हाताऱ्याचें लग्न मोडावयास देवलांना सगोत्राचा, म्हणजे रूढीचाच, आधार घ्यावा लागला. हें मर्म नववीच्या एका मुलीनें आमच्याआधीं हेरलें!

आतां पदांविषयीं. रात्रभर चालणाऱ्या प्रयोगांची ती रीत शाळेंत परवडणारी नव्हे; निम्म्याहून अधिक पदें आम्हीं गाळलीं. राहिलेलीं पदें मुलें सुरांत म्हणत, परंतु पद सुरू झालें कीं पात्र नाहींसें होऊन नुसता गवई उरे. तेव्हां प्रत्येक पद आधीं आठ दिवस पेटीवांचून, गद्यासारखें बोलावयास लाविलें. देवलांची भाषा इतकी साधी कीं, तें बोलणें मुळींच अवघडलें नाहीं. मग सूर दिला, तेव्हां तो संवादांतूनच उगवल्यासारखा वाटूं लागला. कोदंडाचें काम करणाऱ्या मुलाचा आवाज मात्र ऐन वेळीं फुटूं लागला. आम्हीं त्याची पट्टी उतरविली व ताना सोडून दिल्या. या वयांत आवाज ताणून गाऊं देऊं नये, हें पालकांनींही ध्यानीं धरावें.

खरी अडचण निराळीच निघाली. भुजंगनाथ झालेला विद्यार्थी काठी टेकीत, खोकत, मिशांना पीळ देत येई, आणि तालमीला जमलेलीं मुलें हंसून लोटपोट होत. त्यालाही चेव चढे. शारदा रडत असे, पण तें कोणास दिसतच नसे. आम्हीं रागावलों, समजावलें. उपयोग झाला नाहीं.

एका विद्यार्थिनीच्या आजी नातीस घरीं नेण्यासाठीं रोज संध्याकाळीं येऊन मागच्या बांकावर बसत. त्या कधीं हंसल्या नाहींत. एके दिवशीं त्यांनीं शारदेला जवळ बोलावलें. "पोरी, तूं लग्नाच्या वेळीं बापाकडं बघतेस. अशा वेळीं मुलगी बापाकडं बघत नाहीं, आईकडं बघते." कोणीं तरी विचारलें, "आजी, तुम्हांला कसं ठाऊक?" त्या म्हणाल्या, "मला तेराव्या वर्षीं उजवली. नवरा म्हातारा नव्हता. दुप्पट वयाचा होता, एवढंच." मुलें गप्प झालीं. दुसऱ्या दिवशीं भुजंगनाथानें काठी ठेविली, खोकला मात्र कमी केला.

प्रयोगाच्या रात्रीं सभागृह म्हाताऱ्याला पोटभर हंसलें. देवलांनाही तेंच हवें असावें. पुढें विवाहाचा प्रवेश आला. अंतरपाट धरला गेला, मागच्या रांगांतून पुन्हां हंशा उठूं लागला, आणि शारदेनें मान वळवून इंदिराकाकूंकडे पाहिलें. इंदिराकाकू झालेल्या मुलीस आम्हीं कांहींच शिकविलें नव्हतें. तिनें पदर तोंडाशीं नेला आणि तोंड फिरविलें. हंशा अर्ध्यावरच थांबला.