नवी इमारत कशी पाहावी?

सहल म्हटली की आपण किल्ला, मंदिर किंवा धरण निवडतो. सिनेमागृह किंवा राहती इमारत पाहायला सहल काढावी, असे सहसा कोणाला सुचत नाही. पण मुंबई, चंदीगड यांसारख्या शहरांत जाणकार माणसे लोकांना सोबत घेऊन फिरवतात आणि गेल्या शंभर वर्षांतील इमारती समजावून सांगतात. त्यावर व्याख्यानेही होतात. यातून काय साधते, ते पाहू.

भिंत आणि खांब

आपल्याकडील जुन्या घरांच्या भिंती जाड, मातीच्या किंवा विटांच्या असतात. वर कवेलू. छपराचा भार बहुधा भिंतींवर असतो, म्हणून खिडक्या लहान. पुढे लोखंडी सळया घातलेले काँक्रीट आले आणि भार खांब व तुळयांवर गेला. भिंत मोकळी झाली. त्यामुळे रुंद खिडक्या, कोपऱ्यावर वळणारे सज्जे आणि मोठी दालने बांधणे सोपे झाले. आधुनिक इमारत समजून घेण्याची ही पहिली किल्ली आहे.

मुंबईचे ओव्हल मैदान

या मैदानाच्या पूर्वेला एकोणिसाव्या शतकातील दगडी इमारती आहेत : मुंबई विद्यापीठ व उच्च न्यायालय. पश्चिमेला समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर १९३० नंतर उभ्या राहिलेल्या 'आर्ट डेको' शैलीच्या इमारती आहेत. गोलसर कोपरे, ऊन-पाऊस अडवणारे खिडक्यांवरचे पातळ छज्जे, जहाजासारखे कठडे ही त्यांची ओळख. इरॉस सिनेमागृह (१९३८) त्यांपैकीच. ३० जून २०१८ रोजी युनेस्कोने दोन्ही बाजूंच्या मिळून ९४ इमारतींचा समूह जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. त्यामागे नागरिकांचे अनेक वर्षांचे प्रयत्न होते.

दिल्लीत उलट घडले. प्रगती मैदानावरील 'हॉल ऑफ नेशन्स' वास्तुविशारद राज रेवाल आणि अभियंता महेंद्र राज यांनी १९७२ मध्ये उभारले होते. देशविदेशांतील जाणकारांनी विनंत्या केल्या, तरी एप्रिल २०१७ मध्ये ते पाडले गेले. ते तेव्हा अवघ्या ४५ वर्षांचे होते. जुने मंदिर पाडताना लोक हळहळतात. काँक्रीटची इमारत पडते तेव्हा फारसे कोणी थांबत नाही. तिचे मोल आधी कोणी समजावून सांगितलेले नसते. अशा फेऱ्यांचे खरे काम हेच आहे.

आपल्याजवळचे उदाहरण

आपल्यापैकी अनेक कुटुंबे नागपूरला दीक्षाभूमीवर जातात. तेथील स्तूपाचे वास्तुविशारद शिवदानमल. १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी त्याचे उद्घाटन केले. बाहेरून तो मध्य प्रदेशातील सांचीच्या स्तूपाची आठवण देतो. पण सांचीचा स्तूप भरीव आहे, त्याच्या आत जाता येत नाही. त्याला प्रदक्षिणा घालतात. दीक्षाभूमीचा स्तूप आतून पोकळ आहे. घुमटाखाली शेकडो माणसे एकत्र बसू शकतात. आकार प्राचीन, पण उपयोग आणि बांधकाम आजचे. पुढच्या वेळी आत गेल्यावर क्षणभर वर पाहा.

पालक व विश्वस्तांना विनंती

नागपुरात वास्तुकला शिकवणारी महाविद्यालये आहेत. तेथील एखाद्या प्राध्यापकांना सोबत घेऊन वर्षातून एक दिवस मुलांना शहर पायी दाखवावे, असे आम्हांस वाटते. खर्च थोडा, लाभ मोठा. आपल्या गावात उद्या काय बांधावे आणि काय राखावे, हे हीच मुले ठरवणार आहेत.

स्वाध्याय

१. आपल्या घराचा भार भिंतींवर आहे की खांबांवर? कशावरून ओळखले?
२. गावातील एक जुनी व एक नवी इमारत निवडा. खिडक्या, छत आणि सावली यांची तुलना करा.
३. उन्हाळ्यात दुपारी कोणती इमारत अधिक थंड राहते? कारण लिहा.
४. शाळेची इमारत केव्हा व कशी बांधली गेली, ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.