८ डॉलर ४१ सेंटची थकबाकी आणि हातातून गेलेलं घर



व्हिडिओत आकडे भराभर निघून जातात, म्हणून आजचा धडा इथे सावकाश लिहून काढलाय. वही-पेन घेऊन बसा. विषय थोडा कंटाळवाणा वाटेल: मालमत्ता कराची थकबाकी. पण ज्याला जागा घ्यायची आहे, जागा भाड्याने द्यायची आहे किंवा भाड्याच्या जागेत दुकान टाकायचं आहे, त्याने हा धडा चुकवू नये. उदाहरण अमेरिकेतलं आहे. खरं आहे, कोर्टाच्या निकालात नोंदलेलं आहे.

आधी गोष्ट

अमेरिकेत मिशिगन नावाचं राज्य आहे. तिथल्या डेट्रॉइट शहराला लागून ओकलंड काउंटी आहे आणि त्या काउंटीत साउथफील्ड नावाचं गाव आहे. २०११ मध्ये युरी राफेली यांनी 'राफेली एलएलसी' या आपल्या छोट्या कंपनीच्या नावाने साउथफील्डमध्ये एक साधंसं घर ६०,००० डॉलरला घेतलं. घर राहायला नव्हतं, भाड्याने द्यायला होतं. म्हणजे तुमच्या-आमच्यासारखाच हिशोब: आज पैसे गुंतवायचे, उद्या दरमहा भाडं येईल.

२०११ चा मालमत्ता कर भरताना त्यांच्याकडून ४९६ डॉलर कमी भरले गेले. हे कळल्यावर त्यांनी २०१३ च्या जानेवारीत बाकीची रक्कम व्याजासकट पाठवली. पण व्याजाचा हिशोब थोडा चुकला आणि ८ डॉलर ४१ सेंट कमी पडले. आपल्या पैशात साधारण सातशे-आठशे रुपये.

त्या ८ डॉलर ४१ सेंटवर व्याज, दंड आणि फी चढत गेली आणि बाकी २८५ डॉलर ८१ सेंट झाली. २०१४ मध्ये काउंटीने घर ताब्यात घेतलं आणि लिलावात २४,५०० डॉलरला विकलं. येणं होतं ते वळतं करून घेतलं. आणि उरलेले २४,००० डॉलरच्या वरचे पैसे? तेही काउंटीनेच ठेवले. तेव्हाच्या मिशिगनच्या कायद्यात तशी तरतूदच होती.

लक्षात घ्या, हा माणूस कर बुडवणारा नव्हता. त्याने चूक सुधारायला पैसे पाठवले होते. तरीही घर गेलं. का गेलं, ते आता टप्प्याटप्प्याने बघू.

काउंटी म्हणजे काय?

आपल्याकडे जसा जिल्हा, तशी ढोबळमानाने अमेरिकेत काउंटी. अशा तीन हजारांहून जास्त काउंट्या आहेत. फरक एवढाच की आपला जिल्हा कलेक्टर सरकार नेमतं, तर तिथे काउंटीचे बरेच अधिकारी लोक मतदानाने निवडून देतात. शाळा, रस्ते, पोलीस, ग्रंथालय अशा स्थानिक कामांचा मोठा खर्च मालमत्ता करातून भागतो. त्यामुळे या कराच्या वसुलीत ढिलाई नसते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हा कर माणसावर नसतो, जागेवर असतो. आपल्याकडे सातबारावर जसा बोजा चढतो, तसा थकलेला कर त्या जागेवर बोजा म्हणून बसतो. तुम्ही कंपनी काढली, एलएलसी केली, म्हणजे तुमची घरची मालमत्ता धंद्याच्या देण्यापासून बऱ्यापैकी वेगळी राहते. पण ज्या जागेचा कर थकलाय, त्या जागेला कंपनी वाचवू शकत नाही. राफेलींचीही कंपनीच होती.

थकबाकीचं कॅलेंडर

मिशिगनमध्ये कराचं बिल आधी गावाची किंवा शहराची कचेरी पाठवते. वेळेत भरलं नाही तर पुढच्या वर्षीच्या १ मार्चला ते खातं काउंटीच्या खजिनदाराकडे जातं. तिथून पुढे तीन पायऱ्या आहेत:

पहिली पायरी, पहिला १ मार्च: खातं थकीत म्हणून काउंटीकडे येतं. ४ टक्के प्रशासकीय फी लागते आणि दरमहा १ टक्का व्याज सुरू होतं.

दुसरी पायरी, दुसरा १ मार्च: व्याज दरमहा दीड टक्का होतं. तेही त्या दिवसापासून नाही, तर अगदी पहिल्या थकीत दिवसापासून मोजलं जातं. वर १७५ डॉलरची ठरलेली फी लागते आणि नोंदणीचा खर्च वेगळा.

तिसरी पायरी, तिसऱ्या वर्षीचा मार्च: कोर्टाचा आदेश होतो. ३१ मार्चपर्यंत पैसे भरून जागा सोडवता येते. ती तारीख टळली की मालकी काउंटीची.

आता एक गणित वहीत करा. समजा ५०० डॉलर कर थकला. दुसऱ्या १ मार्चला किती भरावे लागतील?

मूळ कर ५००
४ टक्के फी २०
दीड टक्क्याने १२ महिन्यांचं व्याज ९०
ठरलेली फी १७५
एकूण ७८५ डॉलर, नोंदणीखर्च सोडून.

एका वर्षात ५०० चे ७८५. कुठला सावकार असा दर लावेल?

८ चे २८५ कसे झाले?

आता हेच गणित राफेलींच्या ८ डॉलर ४१ सेंटवर लावा. दीड टक्क्याने दोन वर्षांचं व्याज होतं साधारण ३ डॉलर. ४ टक्के फी होते ३४ सेंट. म्हणजे सगळं मिळून १२ डॉलरच्या आत. मग २८५ कुठून आले?

व्याजातून नाही, फीमधून आले. टक्केवारी रकमेच्या प्रमाणात वाढते, पण ठरलेली फी रक्कम बघत नाही. तुमची थकबाकी ८ डॉलरची असो की ८,००० ची, फी तीच.

धंद्यात आपण काय करतो? मोठं देणं आधी बघतो आणि लहान देणं "बघू नंतर" म्हणून बाजूला टाकतो. पण ज्या देण्यावर ठरलेली फी आहे आणि शेवटची तारीख आहे, तिथे लहान रक्कम हीच सगळ्यात धोक्याची असते, कारण तिची आठवणच राहत नाही. मोठी थकबाकी झोप उडवते. आठ डॉलरची थकबाकी तुम्हाला छान झोपू देते.

कोर्टात काय झालं?

राफेली कोर्टात गेले. खालच्या कोर्टांत हरले. शेवटी १७ जुलै २०२० ला मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की काउंटीने आपलं येणं जरूर वसूल करावं, पण विक्रीतून वर उरलेला पैसा मालकाचा आहे. तो मोबदला न देता ठेवून घेणं राज्याच्या घटनेत बसत नाही.

टाळ्या वाजवायच्या आधी दोन गोष्टी बघा.

एक, घर गेलं २०१४ मध्ये आणि निकाल आला २०२० मध्ये. मध्ये सहा वर्षं गेली. सहा वर्षांचं भाडं कुठल्या निकालात परत मिळत नाही.

दोन, कोर्टाने भरपाईचं माप कोणतं धरलं? बाजारभाव नाही. लिलावात आलेल्या पैशातून देणं वजा जाता जे उरलं, तेवढंच. घर घेतलं होतं ६०,००० ला आणि लिलावात गेलं २४,५०० ला. मधला फरक मालकाच्या खिशातून गेला. लिलावात कुणी जागेला मायेने भाव देत नाही.

तीन वर्षांनी असाच प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. मिनेसोटा राज्यातल्या हेनेपिन काउंटीत जेराल्डिन टायलर या वृद्ध बाईंचा फ्लॅट होता. २०१० मध्ये त्या दुसरीकडे राहायला गेल्या आणि फ्लॅटचा कर थकला. कर होता साधारण २,३०० डॉलर, पण व्याज आणि दंड मिळून आणखी १३,००० च्या आसपास. म्हणजे मुळापेक्षा वरचा भार पाचपटीहून जास्त! काउंटीने फ्लॅट ४०,००० ला विकला, साधारण १५,००० चं येणं वळतं केलं आणि वरचे २५,०००ही ठेवून घेतले. २५ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने टायलर बाईंच्या बाजूने निकाल दिला. येणं वसूल करा, पण त्याहून जास्त घेण्याचा हक्क सरकारला नाही, असा त्याचा अर्थ.

म्हणजे आता काळजी मिटली का? नाही. मिशिगनमध्ये २०२१ पासून नवा नियम आला. उरलेले पैसे हवे असतील तर मालकी गेल्यानंतर येणाऱ्या १ जुलैच्या आत ठरलेल्या फॉर्मवर तसा दावा कळवावा लागतो. तारीख चुकली की तो हक्कही हातचा जाऊ शकतो. जो माणूस तारीख चुकल्यामुळे घर गमावतो, त्याच्यापुढे पुन्हा एक तारीखच ठेवलीय. म्हणून म्हणतो, कायदा तुमच्या बाजूने असला तरी कॅलेंडर तुमच्या हातात पाहिजे.

आपल्याकडे काय?

"सर, हे अमेरिकेचं झालं, आमचा काय संबंध?" असं कुणीतरी विचारणारच. संबंध आहे.

महाराष्ट्रात महानगरपालिकेच्या हद्दीत थकलेल्या मालमत्ता करावर दरमहा २ टक्के शास्ती लागते. म्हणजे वर्षाला २४ टक्के. ४०,००० रुपये घरपट्टी दहा महिने थकवली तर नुसती शास्ती ८,००० रुपये. धंद्याचं कर्ज बँक याहून कमी दराने देते. मग घरपट्टी थकवून तो पैसा धंद्यात फिरवण्यात काय शहाणपण?

आपल्याकडेही हा कर जागेवरच बसतो, त्यामुळे जुन्या मालकाची थकबाकी नव्या मालकाच्या गळ्यात येऊ शकते. आणि तुम्ही भाडेकरू असाल तरी सुटका नाही. गाळामालकाने घरपट्टी थकवली आणि गाळ्यावर जप्तीची कारवाई झाली, तर बंद होणारं शटर तुमच्या दुकानाचं असतं.

"अभय योजना येईल, शास्ती माफ होईल" म्हणून थांबणारेही भेटतात. कधी येते, कधी येत नाही. योजनेच्या भरवशावर धंद्याचा हिशोब बसवू नका.

आजपासून लावायच्या पाच सवयी

१. रक्कम स्वतः मोजू नका, विचारा. थकलेलं देणं फेडताना "अमुक तारखेला भरणार आहे, त्या दिवशी एकूण किती होतात?" हे कचेरीला विचारा आणि तो आकडा लेखी घ्या. राफेलींची चूक नेमकी इथे झाली. दानत होती, पैसे होते, आकडा चुकला.

२. पावतीवर थांबू नका. पावती सांगते की तुम्ही किती भरले. बाकी किती राहिली हे सांगत नाही. पैसे भरल्यावर पंधरा दिवसांनी खातं पुन्हा बघा. बाकी शून्य दिसली की त्याची प्रत काढून फाइलला लावा.

३. पत्ता बदलला की कळवा. जागा एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे राहत असाल, तर बिल आणि नोटीस कुठल्या पत्त्यावर जाते ते तपासा. नोटीस मिळाली नाही म्हणून व्याज थांबत नाही.

४. दरमहा बाजूला काढा. वर्षाच्या करात १२ ने भाग द्या आणि तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाका. अमेरिकेत घरावर कर्ज असेल तर बरेचदा बँकच हप्त्यासोबत कराचे पैसे घेते आणि भरते. कर्ज फिटलं की ही जबाबदारी मालकावर येते आणि तिथेच लोक चुकतात. तुमचे नातेवाईक तिकडे घर घेऊन राहत असतील तर त्यांना एवढं जरूर सांगा.

५. जागा घेण्याआधी किंवा भाड्याने घेण्याआधी थकबाकी नसल्याचा दाखला मागा. भाडेकरारात घरपट्टी कोण भरणार हे स्पष्ट लिहा, आणि दरवर्षी पावतीची प्रत मिळेल असंही एक वाक्य टाका.

गृहपाठ

आज संध्याकाळी फक्त एक काम करा. तुमच्या नावावर किंवा धंद्याच्या नावावर जेवढ्या जागा आहेत, भाड्याच्या धरून, त्यांची यादी काढा. प्रत्येकीसमोर तीन रकाने करा: शेवटचा कर कधी भरला, आज बाकी किती, आणि ही बाकी मी स्वतः कधी तपासली. तिसरा रकाना बहुतेकांचा रिकामा निघेल. तो आधी भरा.

यादीत कुठे पाच-पन्नास रुपयांची बाकी दिसली तर हसून सोडून देऊ नका. आजच भरा, आणि पंधरा दिवसांनी शून्य झाली का ते बघा.

भेटू पुढच्या धड्यात. तोपर्यंत हिशोब चोख ठेवा.